मदत हवी आहे: आई (६४) आणि मावशी (६८) यांना नागपूरहून कैलास-मानसरोवर. कोणता मार्ग धरावा?

नमस्कार मंडळी,

दोघी बहिणी नागद्वारच्या जुन्या वारकरी. श्रावणात पचमढीच्या जंगलातली चिखलाची वाट, तोंडाने ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’, आणि महाशिवरात्रीला चौरागडच्या पायऱ्या. आता मावशीला कुणीतरी सांगितलं की २०२६ हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष आहे आणि या वर्षातली कैलासाची एक परिक्रमा तेरा परिक्रमांच्या तोडीची. झालं! तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

दोघींच्या पायांची मला काळजी नाही. पण चौरागड जेमतेम तेराशे मीटर, आणि परिक्रमेतली सगळ्यात उंच खिंड, डोल्मा ला, ५,६३० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. आपलं नागपूर तीनशे-सव्वातीनशे मीटरवर. तिथून उठून मानसरोवराच्या काठी, साडेचार हजार मीटरच्या वर झोपायचं म्हणजे गंमत नाही.

आतापर्यंत जे कळलं ते असं. परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीमार्गे ५० जणांच्या ५ बॅच, सिक्कीमच्या नथुला खिंडीमार्गे ५० च्या १०. निवड सोडतीने. वय १ जानेवारीला १८ ते ७०, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ किंवा कमी. आईची उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे वजन ५७ च्या घरात हवं. सध्या ६२ आहे. तिला थायरॉइडची आणि बीपीची गोळी सुरू आहे, दोन्ही आटोक्यात. २०२५ ला खर्च लिपुलेखने साधारण पावणेदोन लाख आणि नथुलाने दोन लाख ऐंशी हजारांच्या वर होता. दिवस दोन्हीकडे तीन आठवड्यांच्या आसपास.

दुसरीकडे इथला एक खासगी टूरवाला म्हणतो, “काकू, कायले तीन आठवडे घालवता? नेपाळातल्या नेपाळगंजहून विमान, सिमिकोटहून हेलिकॉप्टर, दहा दिवसांत घरी.” मावशी त्याच्या बाजूने आहे, कारण सोडतीत नंबर लागेल की नाही कोण सांगणार. मला हा वेगच नको वाटतो. माझं चूक आहे का? आणि परिक्रमेत घोडा केला तर भागतं का?

आणखी एक. सरकारी यात्रेच्या कागदपत्रांत एक संमतीपत्र असतं: चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर अंत्यसंस्कार तिथेच करायला हरकत नाही. मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, “कर ना सही घेऊन,” आणि भाजी निवडत बसली. माझाच हात अजून त्या कागदाला लागत नाही.

प्रतिसाद: लिपुलेखने २०१९ साली गेलेला

ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्या वेळी बुधीहून छियालेखचा चढ पायी चढावा लागायचा. तेव्हा शिव्या घातल्या, पण त्या चालण्यानेच शरीर उंचीला सरावलं. २०२० ला घटियाबगडहून लिपुलेखकडे रस्ता झाला, आता गाडी पार वरपर्यंत जाते. म्हणून खिंडीआधीचा गुंजीचा आणि नाभीढांगचा मुक्काम आता जास्त महत्त्वाचा. तिथे खोलीत झोपून राहू नका, थोडं वर चढून परत खाली झोपायला या. दिल्लीला वैद्यकीय तपासणी होते, गुंजीला पुन्हा होते, आणि तिथून लोक परत पाठवतात. रडून उपयोग नसतो.

घोड्याचं ऐका. परिक्रमा सुरू होते त्या यमद्वारापासून घोडा मिळतो, पण डोल्मा ला खिंडीपलीकडचा उतार घोड्यावर बसून करता येत नाही. गौरीकुंडाच्या बाजूने मोठमोठ्या दगडांतून पायीच उतरायचं. डेरापुक ते झुथुलपुक या दोन मुक्कामांमधला हा सगळ्यात लांब दिवस आहे, पहाटे अंधारात निघावं लागतं. गुडघे चढावर नाही, तिथे बोलतात.

आणि अश्ववर्षाचं म्हणाल तर मावशींना सांगा, तेरा पट पुण्य तिबेटी लोकांनाही हवं असतं. त्या वर्षी गर्दी किती असेल याचा विचार करा.

प्रतिसाद: डॉक्टर आहे, ट्रेकिंगही करते

नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. या एका फूटपट्टीने प्रत्येक मार्ग मोजा. हेलिकॉप्टरवाल्यात सिमिकोटला सुमारे २,९०० मीटर, लगेच सीमेवरचं हिल्सा, आणि तिबेटातलं तकलाकोट चार हजारांच्या जवळ. काठमांडू-केरुंग रस्त्याने गेलात तर तिबेटात केरुंगहून सागा गावाला जाताना एकाच दिवसात दीड हजार मीटरच्या वर चढ होतो. खासगीने जायचंच असेल तर टूरवाल्याला जेवण कसं ते नंतर विचारा, आधी कुठे किती रात्री थांबवणार ते लेखी घ्या. हॉटेलात मराठी स्वयंपाकी असण्यापेक्षा तकलाकोटला एक जास्तीची रात्र मोलाची.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथवर थांबायचं, वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर रात्र असो की पाऊस, खाली आणायचं. ऑक्सिजनचा डबा हा खाली उतरण्याला पर्याय नाही. आईंची बीपीची गोळी कोणती आहे ते बघून घ्या, काही गोळ्यांनी तिथे शरीरातलं पाणी कमी पडतं. थायरॉइडची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठं सामान मागे राहतं.

प्रतिसाद: वर्धा रोड

आमचे बाबा आधी उत्तराखंडातलं आदि कैलास-ओम पर्वत करून आले. आदि कैलासच्या पायथ्याशी जोलिंगकोंगपर्यंत गाडी जाते, धारचुलाहून इनर लाइन परमिट (सीमाभागात जायचा परवाना) काढावं लागतं. शरीर उंचीवर कसं वागते ते आपल्याच देशात कळते, आणि त्रास झाला तर खाली यायला रस्ता आहे. मावशीबाईंना तिथलं पार्वती सरोवर दाखवा, कदाचित तिथेच मन भरेल. सराव म्हणाल तर आमचे बाबा रोज पहाटे अंबाझरी आणि रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, पाठीवर पाच किलो घेऊन. मे महिन्यात साडेपाचच्या आत परत या, नाहीतर कैलासाआधी ऊनच घेऊन जाईन.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं. आदि कैलासचं आईला पटलं, मावशी म्हणते, “हे म्हणजे पंढरपूर सोडून आळंदीला ने.” तरी तयार झाली आहे. हेलिकॉप्टरचा विषय घरात बंद. सरकारी यात्रेचा अर्ज दोघींचा भरणारच, नंबर लागला तर लिपुलेख.

डॉक्टर ताई, एकच विचारायचं राहिलं. सगळे उंचीच्या त्रासावरची गोळी, डायमॉक्स, सुरू करा म्हणतात. मावशीला पूर्वी सल्फाच्या गोळीने अंगभर गांधी उठल्या होत्या. मग तिला ती चालेल का?

प्रतिसाद: डॉक्टर आहे, ट्रेकिंगही करते

डायमॉक्स त्याच मोठ्या कुळातली आहे. सल्फाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना ती सोसते, पण हे गुंजीला जाऊन ठरवायचं नाही. आधी गांधींचं जुनं प्रिस्क्रिप्शन शोधा. श्वास कोंडला होता का, तोंड सुजलं होतं का, ते मावशींना विचारा. हो म्हणाल्या तर डायमॉक्सचा विचार सोडा. नसेल तर नागपुरातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक डोस देऊन बघता येतो. बोटांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला लागतं, त्याला घाबरू नका. प्रिस्क्रिप्शन सापडलं की इथेच लिहा.