घरचा ग्रुप: सीमेवर बदललेला बेत

विनूदादा: आम्ही मोक बायला आहोत, व्हिएतनाम-कंबोडिया सीमेवर. बसवाल्या पोरानं पासपोर्ट गोळा करताना व्हिसाचे कागद बघितले. म्हणाला, सिंगल एंट्री आहे, इथून बाहेर पडलात की परत येता यायचं नाही. आमचं सोमवारचं मुंबईचं विमान तर इकडच्या, व्हिएतनाममधल्या सायगॉनहूनच आहे.

अनू: कंबोडिया बघून परत येणार हे एजंटाला लिहून दिलं होतं. तरी तिघांचेही सिंगलच काढलेत. फोनही उचलत नाही.

बाळूकाका (राजारामपुरी): बाहेर पडल्याचा शिक्का बसला का?

विनूदादा: अजून नाही.

धाकटी आत्या: मग माघारी फिरा की. विनू, तुझी आई सोबत आहे. वहिनींना घेऊन उगं परमुलखात अडकायला नको.

पिंटू: दादा, तिकडनं थायलंडच्या सीमेवरच्या पोईपेटवरून बसनं बँकॉकला जावा. तिथून मुंबईला विमानं लई.

बाळूकाका: पोईपेट नको रे बाबा. २०२५ च्या जुलैत थायलंड-कंबोडियाची लढाई झाली, ती सीमा बंद झाली. त्या वाटेचा विचारच नको.
विनू, नीट वाच. व्हिएतनामचा ई-व्हिसा सिंगल २५ डॉलरला आणि मल्टिपल ५० ला मिळतो. दोन्ही ९० दिवसांपर्यंतचे असतात, म्हणून पुढची तारीख बघून माणूस निर्धास्त राहतो. पण सिंगलवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो व्हिसा संपला, दिवस कितीही उरू देत. नवा कंबोडियातून काढता येतो, पण त्याला कामाचे तीनेक दिवस धरायचे. आज गुरुवार, मधे शनिवार-रविवार. सोमवारच्या विमानाला तो पुरायचा नाही. आणि सीमेवर कुणी "पैसे द्या, करून देतो" म्हणालं तर पासपोर्ट हातात देऊ नकोस.
कंबोडिया बघायचा बेत सोडू नका, परतीची वाट बदला. कंबोडियात अंगकोर वाटजवळ सिएम रीप आहे, तिथून सिंगापूर नाहीतर बँकॉकमार्गे मुंबईचं तिकीट बघ. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर पाहिजेत, बॅगा थेट मुंबईला गेल्या पाहिजेत. वेगळी तिकिटं काढलीस तर मधे उतरून बॅगा घ्याव्या लागतील, आणि सिंगापूरला बाहेर पडायचं म्हणजे परत व्हिसा आला. सायगॉनचं तिकीट नुसतं सोडून देऊ नको. विमान सुटायच्या आधी रद्द कर, थोडेफार पैसे तरी येतील. हे सगळं शिक्क्याच्या आधी.

धाकटी आत्या: एवढी दगदग वहिनींना झेपंल का पण?

अनू: आईच बोलतायत, मी टाइप करते. "भावजी, मला अंगकोर वाट बघायचंच आहे. विष्णूचं देऊळ आहे, भिंतीवर सगळं समुद्रमंथन कोरलंय. आणि आपल्या अंबाबाईसारखंच पश्चिमेला तोंड आहे त्याचं. किरणोत्सवाला, मावळतीचं ऊन देवीवर येतं तेव्हा, मी दरवर्षी देवळात उभी असते, मला ते तिकडचं ऊन बघायचंय. पाय चालतायत तोवर बघून घेते. तुम्ही म्हणाल त्या वाटेनं परत येईन."

धाकटी आत्या: वहिनी, मग जावाच तुम्ही. मी काय बोलत नाही.

बाळूकाका: झालं तर. पलीकडं बावेतला कंबोडियाचा व्हिसा जागेवर मिळतो, माणशी ३० डॉलर. नोटा कोऱ्या काढून ठेव, फाटकी किंवा लिहिलेली घेत नाहीत. बसवाला वर पैसे मागेल. वहिनींना सावलीत बसव आणि तू स्वतः खिडकीवर जा. अंगकोरचा एका दिवसाचा पास ३७ डॉलरला आहे, तेवढा बास. दुपारी त्यांना हॉटेलवर आण, संध्याकाळी परत ने.

विनूदादा: काका, मिळालं. सोमवारी सिएम रीपहून सिंगापूरमार्गे, एकच तिकीट. महाग पडलं, पण तिघंही एकत्र आहोत. सायगॉनचं रद्द केलं.

पिंटू: मग मंगळवारचं कोल्हापूरच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट तसंच राहू दे ना? मुंबईला पोचायला उशीर झाला तरी एक दिवस हाताशी आहे.

विनूदादा: हो, राहू दे. रांगेत उभे आहोत, आईचा नंबर पहिला.

बाळूकाका: एजंटाला लिहून दिलेल्या कार्यक्रमाचा आणि तिन्ही व्हिशांचा फोटो मला पाठव. उद्या दुकान उघडलं की मी तिथं जातो. तिकिटाचा फरक त्यानं भरायलाच पाहिजे.