२६ जानेवारीचा नाश्ता: डोनटचं आजच ठरवा

सी-१०३ वहिनी: कालच्या चाचणीचे डोनट कोणी चाखले का? पावाच्या टोस्टसारखे कडक झालेत. परवा ध्वजवंदनाला ४२ माणसं येणार आहेत आणि इथे अजून कोणालाच काळजी नाही. रेसिपी बी-२०४ च्या काकूंची होती, म्हणून विचारते.

बी-२०४ काकू: रेसिपीत १८० डिग्रीवर १२ मिनिटं लिहिलंय. काल २२ मिनिटं ठेवले. वरून रंग येत नाही म्हणून ठेवत गेले तर आतलं पाणी उडणारच. बेक केलेल्या डोनटला तळल्यासारखा रंग येत नाही. खालची बाजू फिकट सोनेरी झाली की काढायचे.

ए-४०१ काका: मी पुन्हा सांगतो, तर्री-पोहे ठेवा. नागपुरात २६ जानेवारीला डोनट काहून?

सेक्रेटरी: सर्वांना नम्र सूचना: क्लबहाऊसमधल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ओव्हन लावू नये. २००० वॅटचा ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) जवळपास ९ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरचा पॉइंट फक्त पँट्रीत आहे.

सी-१०३ वहिनी: वेळेचं मान्य, काकू. पण पीठही फुगलं नव्हतं.

बी-२०४ काकू: दूध उकळतं घातलं होतं का? यीस्ट ५५-६० डिग्रीला मरतं. बोट बुडवून सहज ठेवता यावं इतपतच कोमट दूध हवं. आणि पाकीट उघडून महिनाभर ओट्यावर पडलं असेल तर आधी तपासा: अर्धी वाटी कोमट पाणी, चिमूटभर साखर, १ चमचा यीस्ट. १० मिनिटांत फेस नाही आला तर टाकून द्या.

ए-१०२: एका घाण्याचं प्रमाण पुन्हा टाकता का? वर स्क्रोल करून थकलो. सगळीकडे पार्किंगचंच भांडण आहे.

बी-२०४ काकू: मैदा ३०० ग्रॅम, कोमट दूध १५० मिली, साखर ४० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ पाऊण चमचा, घट्ट दही ३ मोठे चमचे, मऊ लोणी ५० ग्रॅम. ५५ ग्रॅमचे १० डोनट होतात. ४२ साठी सगळं चौपट, भोकाचे गोळे पुन्हा मळून उरलेले दोन निघतील. लोणी शेवटी, पीठ एकजीव झाल्यावरच. आधी घातलं तर पिठाला ताण येत नाही. मळणं १०-१२ मिनिटं. पीठ हाताला चिकटणारच, म्हणून वरून मैदा मारू नका. काल तेच झालं असणार.

बी-३०५: पार्किंगचं भांडण नव्हतं, नियमाचा प्रश्न होता. असो. अंडं घालायचं का?

सी-१०३ वहिनी: नाही, सगळ्यांनी खायचं आहे. दही आहे ना.

ए-४०१ काका: तर्रीत ना अंडं लागतं, ना ओव्हन.

ए-१०२: अजी काका, तर्री एक जानेवारीला झाली ना! निम्मं कणीक घातलं तर चालेल का?

बी-२०४ काकू: ३०० पैकी ९० ग्रॅमपर्यंत चालेल, त्यात २ चमचे दूध वाढवा. जास्त घातलं तर कोंडा पिठाची जाळी तोडतो आणि डोनट बसकेच राहतात.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र सूचना: साध्या सॉकेटला ओव्हन लावू नये. एक्स्टेंशन बोर्डही नको.

बी-३०५: साहेब, वाचलं. पण गेल्या गणपतीत पँट्रीची किल्ली दोन तास सापडली नव्हती, तिचं काय?

सेक्रेटरी: किल्ली माझ्याकडे आहे. तो विषय संपला.

सी-१०३ वहिनी: किल्ली परवा पहाटे सहाला द्या, एवढंच. थंडीत पीठ फुगायला किती वेळ धरायचा?

बी-२०४ काकू: उद्या संध्याकाळी मळा. सध्याच्या थंडीत दुप्पट व्हायला दीड-दोन तास. मग अर्धा इंच जाड लाटा, स्टीलच्या पेल्याने कापा, मध्ये बाटलीच्या झाकणाने भोक. पेला सरळ दाबा, फिरवू नका. फिरवलं की कडा चिकटते आणि डोनट एका बाजूने फुगतो. ट्रेवर ठेवून, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. पहाटे सव्वापाचला बाहेर काढा. पीठ बोटाने दाबा: खड्डा हळूहळू अर्धा भरला तर तयार. लगेच उसळून आला तर थांबा, अजिबात भरला नाही तर पीठ जास्तच फुगलं.

ए-१०२: ट्रे कोणाकोणाच्या फ्रीजमध्ये?

सी-१०३ वहिनी: तुमच्या, माझ्या आणि काकूंच्या. काका, तुमचा मोठा आहे, पण विचारू की नको कळेना.

ए-४०१ काका: विचार ना वहिनी. एक कप्पा रिकामा करून ठेवतो. पण संत्र्याचं काहीतरी करा, नागपूरचे डोनट आहेत म्हणावं.

बी-२०४ काकू: हे छान सुचवलंत, काका. २०० ग्रॅम पिठीसाखरेत ३ मोठे चमचे संत्र्याचा रस आणि एका संत्र्याची साल किसून घाला, हे झालं वरचं ग्लेझ. फक्त नारिंगी थर किसा, खालचा पांढरा कडू लागतो. डोनट ओव्हनमधून निघताच लोणी लावून कापडाने झाका, नाहीतर तासाभरात कोरडे पडतात. कोमट झाले की ग्लेझमध्ये बुडवा. गरम असताना बुडवले तर साखर वाहून जाते.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र सूचना: ओव्हन फक्त पँट्रीतच. १६ अँपिअरचा पॉइंट एकच आहे.

सी-१०३ वहिनी: म्हणजे दोन ओव्हन तिथे चालणार नाहीत! हे आधी सांगायचं ना.

बी-२०४ काकू: मग दुसरा माझ्या घरी. एका ट्रेत ७, मधल्या कप्प्यावर, दोन्ही रॉड चालू, आधी १० मिनिटं तापवून. तीन-तीन घाणे, पावणेसातला पहिला. ट्रे घेऊन यायला दोघं लागतील.

बी-३०५: मी आहे. आणि लिफ्टसमोर कोणी स्कूटर लावू नका.