पलीकडचा आवाज येत नसेल तर प्लॅन वाढवू नका

ईपीएबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) फायबर इंटरनेटला जोडल्यावर आपला आवाज जातो, पण पलीकडचा ऐकू येत नाही. त्यावर मोठा इंटरनेट प्लॅन घ्यायचा सल्ला कुणीतरी देतं. पैसे वाया जातील हो! जी.७११ (आवाज डिजिटल करायची नेहमीची पद्धत) वर एका कॉलला दर दिशेला जेमतेम ८७ केबीपीएस लागतात. दुखणं बहुतेक नॅटचं (राउटर आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलतो, त्याचं) आहे: एक्स्चेंज समोरच्याला आपला १९२.१६८ वाला आतला पत्ता देतं, मग आवाज परत येणार कुठे? राउटरमधलं सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या संदेशांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद करा, एक्स्चेंजच्या नॅट सेटिंगमध्ये पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा आपला पत्ता) भरा. राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तो पब्लिक नाही; इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा पब्लिक पत्ता) मागून घ्या. आणि ५०६० पोर्ट (कॉल जोडायचे संदेश येतात ते दार) फक्त फोन सेवा देणाऱ्या प्रोव्हायडरच्या आयपीलाच उघडा, नाहीतर कुणीतरी रातोरात परदेशी कॉल करून बिल चढवेल.