सोसायटीच्या ग्रुपवर: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी येईना

सेक्रेटरी: काल ऑफिसच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला? ऑल्ट-शिफ्ट दाबून मराठी येत नाहीये. वार्षिक सभा (एजीएम) ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीय, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लागायला हवी. आजच टाइप करायला बसले होते.

खजिनदार: मी अपग्रेड केला. त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिच्या २०.०४ व्हर्जनचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपलाय. आता २२.०४ आहे. सगळं व्यवस्थित चालतंय, प्रिंटरसुद्धा.

सेक्रेटरी: सगळं म्हणजे मराठी सोडून.

बी-२०४: म्हणून म्हणत होतो, विंडोज घ्या.

चेअरमन: मागच्या मीटिंगला खर्चाला नाही म्हणणारे तुम्हीच होतात.

बी-२०४: 🙏

ए-१०२: कीबोर्ड गेला असेल. नवीन आणा. आणि आज पाण्याचं काय?

सेक्रेटरी: पाण्याचं सांगते थोड्या वेळात. कीबोर्ड ठीक आहे, ऑल्ट-टॅब चालतंय, शिफ्टने कॅपिटल येतंय. दोन्ही एकत्र दाबली की ढिम्म.

सी-३०१: काकू, सुपर-स्पेस करून बघा ना. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरायचं आणि स्पेसबार.

सेक्रेटरी: अगं, ते बटण चहात गेलं! म्हणून तर ऑल्ट-शिफ्ट करून घेतलं होतं, ए विंगमध्ये भाड्याने राहायचा त्या मुलाकडून. तो गेला बंगलोरला.

सी-३०१: अच्छा, मग त्याने कसं केलं होतं ते शोधायला हवं. खजिनदार काका, स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये काही दिसतंय का?

खजिनदार: एक ओळ आहे. सेटएक्सकेबीमॅप असं काहीतरी, शेवटी ऑल्ट शिफ्ट टॉगल. टर्मिनलमध्ये चालवली तर वॉर्निंग आली, एक्सवेलँड की काय.

सी-३०१: सापडलं 😀 स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळायला २०.०४ ला लॉगिन केलं की एक्सऑर्ग ही जुनी यंत्रणा चालू व्हायची, २२.०४ ला बहुतेक मशीनवर वेलँड ही नवी चालू होते. ती कमांड एक्सऑर्गला सांगते. वेलँडमध्ये कीबोर्डचा कारभार नोम, म्हणजे उबंटूचा डेस्कटॉप, स्वतः बघतं, बाहेरून आलेल्या कमांडला दाद देत नाही. ओळ रोज इमानदारीत चालतेय, ऐकायला कोणी नाही एवढंच. खात्री करायची तर लॉगआउट करा, नावावर क्लिक करा, खाली उजवीकडे छोटं चाक येईल. त्यात ‘उबंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडून आत या.

खजिनदार: आलं! मराठी येतंय.

चेअरमन: झालं तर मग. तसंच ठेवा.

सी-३०१: नको काका. उबंटू २५.१० पासून ते एक्सऑर्गवालं सेशनच काढून टाकलंय. पुढच्या अपग्रेडला पुन्हा काकूंची नोटीस अडेल. वेलँडमध्येच नीट करू. आधी ती स्टार्टअपची ओळ काढा. मग सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह दाबून मराठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड लेआउट घ्या.

खजिनदार: घेतलं. पण खालच्या शॉर्टकट्समध्ये ऑल्ट-शिफ्ट टाकतोय तर घेतच नाहीये. तीनदा केलं.

सी-३०१: तिथे घेणारच नाही. जोडीला एखादं अक्षर नाहीतर स्पेस लागते, नुसती ऑल्ट-शिफ्ट चालत नाही. हे कोणी कुठे लिहूनही ठेवत नाही, माझी एक अख्खी रात्र गेली होती यात. ट्वीक्स नावाचं ॲप इन्स्टॉल करा. त्यात कीबोर्ड अँड माउस, मग ॲडिशनल लेआउट ऑप्शन्स, मग ‘स्विचिंग टू अनदर लेआउट’. लांबलचक यादी उघडेल, त्यात ऑल्ट+शिफ्टवर टिक करा.

बी-२०४: एका भाषेसाठी एवढं?

सेक्रेटरी: गेल्या महिन्यात मेंटेनन्सची नोटीस इंग्रजीत लावली तेव्हा ‘कळली नाही’ म्हणून कोण आलं होतं ते सांगू का ग्रुपवर?

खजिनदार: टिक केलं. वहिनी, या खाली, बघा आता.

ए-१०२: पाण्याचं कोणी सांगेल का??

सेक्रेटरी: ैोूाी

ए-१०२: हे काय?

चेअरमन: हॅक झालं की काय?

सेक्रेटरी: नाही हो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. डी विंगवाल्यांसाठी इंग्रजीत ‘वॉटर’ टाइप केलं, तर कीबोर्ड मराठीतच राहिलेला. इनस्क्रिप्टमध्ये त्या पाचही बटणांवर नुसत्या मात्राच निघाल्या 😂

सी-३०१: म्हणजे बदलतंय!

सेक्रेटरी: बदलतंय. टँकर ५ वाजता येतोय, बादल्या भरून ठेवा. नोटीस संध्याकाळी बोर्डावर लागेल.