'लूज लीफ टी'ला मराठीत काय म्हणावं?

महाल:
एका छोट्या दुकानासाठी चहाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मराठीत लिहून देते आहे. दार्जिलिंग, आसाम, निलगिरी, सगळे पानांचे चहा, वजनावर विकले जाणारे. दुकानदारांच्या मूळ मजकुरात 'लूज लीफ टी' आहे. मी 'सुटा चहा' लिहिलं, तर आई म्हणाली, "म्हणजे बिनपाकिटाचा, स्वस्तातला ना?" तिथेच अडले. सुटा, खुला, मोकळा, पानांचा, यांतलं काय घ्यावं? 'ऑरेंज पेको' आणि 'फर्स्ट फ्लश'चंही सुचवा. नागपुरात डब्यावर 'ऑरेंज' दिसलं की लोक संत्र्याचा चहा समजणार.

इतवारी:
ताई, तुमच्या आईचं बरोबर आहे. आमच्या किराणा बाजारात 'खुली पत्ती' म्हणजे पोत्यातून काढून तोलून दिलेली. त्यात दाणा असतो, भुकटी असते, पान क्वचितच. चहाच्या टपरीवाले भुकटी नेतात, कारण रंग लवकर उतरतो आणि थोडक्यात जास्त कप निघतात. घरचं गिऱ्हाईक दाणेदार मागते. 'खुला' लिहाल तर लोक भावाची घासाघीस करतील, पानाकडे कोणी पाहणार नाही.

धरमपेठ:
भाऊंनी नेमकं सांगितलं. 'सुटा' आणि 'खुला' हे आपल्याकडे विक्रीचे शब्द आहेत, माल बांधलेला की तोलून दिलेला एवढंच ते सांगतात. इंग्रजीतल्या 'लूज'चा रोख वेगळा आहे आणि तो कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

चीनमध्ये थांग राजघराण्याच्या काळात चहा मुख्यतः दाबलेल्या वड्यांच्या रूपात असे. वडी भाजायची, कुटायची आणि उकळत्या पाण्यात घालायची, मीठसुद्धा टाकत. पुढे १३९१ मध्ये मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याने नजराण्यातल्या वड्या बंद केल्या आणि सुटी पानंच पाठवा, असा हुकूम काढला. वड्या करण्यात फार माणसांचे फार कष्ट जात होते. दरबाराने वडी सोडल्यावर पानं गरम पाण्यात मुरवून पिण्याची रीत सगळीकडे रुजली आणि त्यासाठी चहादाणीही आली. पुढे युरोपी व्यापाऱ्यांची ओळख झाली ती मुख्यतः याच सुट्या पानांच्या चहाशी. म्हणजे तिथे 'सुटं' होतं ते वडीतून सुटलेलं पान. विसाव्या शतकात टी-बॅग आली (मिलवॉकीच्या दोन महिलांना कापडी पिशवीचं पेटंट १९०३ मध्ये मिळालं होतं) आणि मग 'लूज'चा अर्थ पिशवीत न कोंबलेला असा झाला.

आपल्या घरात यांतलं काहीच घडलं नाही. ना वडी होती, ना पिशवी. आपल्याकडे बदल आणला तो यंत्राने. १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आलं. ते पान चुरडतं, फाडतं आणि वळून त्याचा दाणा करतं. दूध-साखरेच्या चहाला असा दाणा फार सोयीचा, त्याने देशभरातली स्वयंपाकघरं व्यापली. पान गेलं, पण 'पत्ती' हा शब्द राहिला. डब्यात काळे गोल दाणे असतात आणि आपण त्यांना पत्ती म्हणतो! म्हणून तुमच्या चिठ्ठीवर नुसतं 'पत्ती' लिहूनही भागणार नाही. आपल्या डोळ्यांपुढे दाणाच येतो.

माझं मत: 'अख्ख्या पानांचा चहा'. लांब आहे, पण त्यात नेमकी तीच गोष्ट सांगितली आहे जिच्यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे देणार आहे. अख्खं पान पाण्यात हळूहळू उलगडतं, त्यामुळे सुगंध आधी येतो आणि तुरटपणा मागून, बेताने. भुकटीत सगळं एकदम उतरतं. 'पानचहा' मलाही मोहात पाडत होता, पण आपल्या विदर्भात पानठेले गल्लोगल्ली आहेत, लोक विडाच समजतील. 'पातीचा चहा' तर मुळीच नको, तो गवती चहा झाला.

'ऑरेंज पेको' तसंच ठेवा. 'पेको' हा चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोलीतून आलेला शब्द, अर्थ कोवळ्या कोंबावरची पांढरी लव. 'ऑरेंज' बहुधा हॉलंडच्या राजघराण्याच्या नावावरून आलं. आता हे पानाच्या प्रतवारीचं नाव आहे. खाली ठळक लिहा: यात संत्र्याचा स्वाद नाही.

काटोल:
'फ्लश'वर मी बोलतो, आमची संत्र्याची बाग आहे. कोणी 'पहिला बहार' सुचवेल, पण तो घेऊ नका. आंबिया काय, मृग काय, बहार म्हणजे फुलं आणि त्यांची फळं. चहाच्या झाडाची तोडतात ती नवी कोवळी पालवी, दोन पानं आणि एक कोंब. झाडाला अशी पालवी फुटते तिला आम्ही 'नवती' म्हणतो. नवती आली की मावा येतो, सिट्रस सिला येतो, या किडी कोवळ्या पालवीवरच बसतात, म्हणून आम्हा बागाईतदारांच्या तोंडी हा शब्द सतत असतो. लिंबूवर्गीय फळांच्या सल्ल्याच्या पत्रकांतही तोच छापतात. दार्जिलिंगला मार्च-एप्रिलमध्ये तोडतात ती 'पहिली नवती', मे-जूनची ती 'दुसरी नवती'. आपल्याच मातीतला शब्द आहे, वापरा जी.

धरमपेठ:
काटोलकर भाऊ, फार सुंदर! कोशात शोधून हा मला सापडला नसता. 'पहिली नवती' ऐकताच त्या चहाचा फिका सोनेरी रंग आणि हिरवट वास समोर येतो. दुसऱ्या नवतीचा चहा जास्त भरदार, द्राक्षासारख्या गंधाचा असतो, तो फरकही चिठ्ठीवर द्या.

महाल:
नवती पक्की केली, मनापासून आभार. आता कृती. 'स्टीप' करण्याला मी 'भिजवणे' लिहिलं आहे.

इतवारी:
भिजवतात डाळ, ताई. आमची आजी पाण्यात साखर घालून उकळी आणायची, पत्ती टाकून भांडं खाली उतरवायची आणि झाकण ठेवून म्हणायची, "मुरू दे." दूध वेगळं गरम करून वरून. उकळत ठेवायची रीत घरात मागून आली.

धरमपेठ:
'मुरवणे' याला माझाही दुजोरा. चिठ्ठीवर असं लिहिता येईल: एका कपाला साधारण दोन ग्रॅम पानं, त्यावर उकळतं पाणी, झाकून तीन मिनिटं मुरू द्या, मग गाळा. हिरव्या चहाला पाणी उकळून थोडं निवू द्या, ८० अंशांच्या आसपास, नाहीतर तो कडवट होतो.

महाल:
शेवटचा प्रश्न. 'ब्लॅक टी'ला 'कोरा चहा' चालेल?

धरमपेठ:
नको. कोरा म्हणजे बिनदुधाचा, मग पान कोणतंही असो; हिरवा चहाही आपण कोराच पितो. 'ब्लॅक' हे पानावरच्या प्रक्रियेचं नाव आहे. तोडलेलं पान सुकवून, मळून हवेत ठेवतात, तेव्हा ते तांबूस होतं आणि वाळवल्यावर काळं पडतं. तिथे 'काळा चहा' लिहा आणि पिण्याच्या सूचनेत 'कोरा प्यावा' लिहा. दोन्ही शब्द लागतील.