'अकल्चरेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी नातं असलेल्या लोकांच्या) वस्त्यांमधल्या गुन्हेगारीवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'अकल्चरेशन' हा शब्द ओळीआड येतो, म्हणजे दुसऱ्या संस्कृतीच्या सहवासात माणसांची भाषा, चालीरीती बदलत जाणं. मी 'संस्कृतीकरण' लिहिलं आणि वाक्य झालं, 'संस्कृतीकरण वाढतं तशी हिंसा वाढते.' वाचणारा गोंधळेल. काय लिहू?

उत्तर : ताई, 'संस्कृतीकरण' आधी काढा. वरच्या जातींचे आचार उचलून वरचं स्थान मिळवू पाहणं, या समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या मांडणीसाठी तो शब्द आपल्याकडे पक्का झालाय. त्यात वर चढण्याचा भाव आहे. शिकागोत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांना २००५ साली जे दिसलं ते वेगळंच: तिसऱ्या पिढीच्या मानाने बाहेरून आलेल्या पहिल्या पिढीकडून हिंसा होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी, दुसऱ्या पिढीत २२ टक्क्यांनी. मला 'रुळणं' योग्य वाटतं. सून सासरी रुळली म्हटलं की ती सुधारली की बिघडली, हे त्यात येत नाही.

दुसरं उत्तर : 'रुळणं'ला माझी अर्धी हरकत आहे. रेडफिल्ड, लिंटन, हर्स्कोव्हिट्स या मानवशास्त्रज्ञांच्या 'अकल्चरेशन'च्या १९३६च्या व्याख्येत बदल दोन्ही बाजूंना होऊ शकतो. रुळते ती एकटी सूनच. पण अकल्चरेशन मोजणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये मोजतात काय? घरी कोणती भाषा बोलता, विचार कोणत्या भाषेत करता, टीव्ही कोणत्या भाषेतला बघता. तेवढ्यापुरतं 'रुळणं' चालेल. तक्त्याच्या मथळ्यात 'परसंस्कृतिग्रहण' ठेवा.

आणि 'व्हिक्टिम'साठी 'बळी' नको. मराठीत बळी जातो, म्हणजे माणूस मरतो. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सला बांधकामावर आलेल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी) मजुरांचं बघा. मजुरी रोख, बँकेत खातं नाही, संध्याकाळी पैसे खिशात. लुटारू त्यांना 'चालतं एटीएम' म्हणायचे. ते मेले नाहीत, लुटले गेले, आणि देशाबाहेर काढतील या धास्तीने पोलिसांकडे गेले नाहीत. इथे 'गुन्ह्याची झळ बसणं' लिहा. पोलिसांचे आकडे असतील तिथे 'नोंदलेले गुन्हे' म्हणा; 'नोंदलेले' गाळलंत तर हे मजूर हिशेबातूनच जातील.

प्रश्नकर्ती : वाक्य बदललं: 'पुढच्या पिढ्या जसजशा अमेरिकेत रुळत गेल्या, तसतशी त्यांच्यातली हिंसा वाढलेली दिसते.' गुन्ह्याची झळ बसलेल्या परदेशी लोकांसाठी अमेरिकेने २०००च्या कायद्याने 'यू व्हिसा' हा तिथे राहण्याचा परवाना आणला, पोलिसांना मदत करणाऱ्यांना तो मिळू शकतो. तिथेही मी 'बळी' लिहिलं होतं. आता 'गुन्हापीडित' करतेय.