करवंदांचा केक: सोसायटी ग्रुपवरची एक दुपार

सावंत काकू (बी-४०२): [फोटो] स्टेशनबाहेर कसारा-शहापूरकडच्या बायका करवंदं घेऊन बसल्यात. पानांच्या द्रोणात आहेत, मस्त काळी. हवी असतील त्यांनी लवकर जा, ऊन चढलं की मऊ पडतात.

देशपांडे (ए-१०४): वा! डोंगरची काळी मैना आली म्हणायची. द्रोण केवढ्याला?

सावंत काकू (बी-४०२): त्या सांगतील त्या भावाने घ्या हो देशपांडे. काट्यांत हात घालून तोडतात, पहाटेची लोकल पकडून येतात. मॉलमध्ये परदेशी ब्लूबेरीची बोटभर डबी उचलताना कोणी घासाघीस करत नाही.

देशपांडे (ए-१०४): घासाघीस नाही काकू, सुटे किती न्यायचे एवढंच विचारत होतो. निघालोच.

ऋचा (सी-७०१): काकू, मागच्या मे महिन्यात तुम्ही करवंदांचा केक पाठवला होतात, त्याची रेसिपी टाका ना. माझी मुलगी अजून विचारते.

गोखले आजोबा (ए-२०१): करवंदांचा केक? करवंद मीठ लावून खायचं, झालं. भट्टीत घातल्यावर कोंबडा की कोंबडी कसं कळणार?

ऋचा (सी-७०१): कोंबडा-कोंबडी काय आजोबा?

गोखले आजोबा (ए-२०१): अगं, करवंद अर्धं तोडायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. तोडायच्या आधी बोलायचं. चुकला त्याचं करवंद दुसऱ्याला. अख्खी सुट्टी यात जायची आमची.

सावंत काकू (बी-४०२): आजोबा, पेस्ट्रीवरची लाल चेरी आवडीने खाता ना? ती बऱ्याचदा करवंदच असते. कच्ची करवंदं बिया काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग रंग देऊन साखरेच्या पाकात मुरवतात. करवंद बेकरीत केव्हाच पोचलंय, नाव बदलून.

पाटील सर (बी-६०३): आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई.

ऋचा (सी-७०१): अरे देवा. आता केकवर राहिलं काय खरं?

गोखले आजोबा (ए-२०१): मैदा.

सावंत काकू (बी-४०२): घ्या लिहून. पिकलेली करवंदं दोन वाट्या. देठ काढून पाण्यात बुडवून ठेवा. चीक सुटतो, दोनदा पाणी बदला. चिरायच्या आधी हाताला आणि सुरीला तेलाचं बोट लावा, नाहीतर सगळं चिकट होतं. मधोमध चिरून बिया काढायच्या. कंटाळा आला तर राहू द्या, बिया चावल्या जातात. पाहुण्यांसाठी करत असाल तर मात्र काढा.

सावंत काकू (बी-४०२): एक वाटी ताजं दही, पाऊण वाटी साखर, फेटून साखर विरघळवा. त्यात सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा. पाच मिनिटांत बुडबुडे येतात. मग अर्धी वाटी तेल आणि दीड वाटी चाळलेला मैदा. लिंबाची साल किसून घाला थोडी. व्हॅनिला अजिबात नको, करवंदाचा वास मारला जातो.

सावंत काकू (बी-४०२): करवंदं चमचाभर कोरड्या मैद्यात घोळवा म्हणजे तळाला जाऊन बसत नाहीत. अर्धी पिठात, अर्धी वरून पेरायची. ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. सुरी टोचून बघताना करवंदाचा रस लागला तर केक कच्चा समजू नका, दुसरीकडे टोचा.

शाह भाभी (ए-५०३): म्हणजे अंडं नाही. छान! काकू, माझ्याकडे ओव्हन नाही.

सावंत काकू (बी-४०२): जाड बुडाची कढई घ्या. तळाला मीठ, वर जाळी, झाकण घालून दहा मिनिटं तापवा, मग भांडं आत ठेवा. मंद आच. पाऊण तास तरी लागतो, मधे मधे झाकण उघडू नका. कोकणात काकडीचं धोंडस असंच व्हायचं, चुलीवर पातेलं आणि झाकणावर निखारे. त्याला कोणी बेकिंग म्हणत नव्हतं एवढंच.

नाईक (सी-५०२): मंडळी, विकत कशाला? रविवारी मुलांना घेऊन येऊरला जाऊ. झुडपं भरलेली असतील. पिशव्या भरून आणू.

पाटील सर (बी-६०३): येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं नाईक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथून परवानगीशिवाय काही तोडून आणता येत नाही. फिरायला जरूर जाऊ, पिशव्या घरी ठेवून.

नाईक (सी-५०२): मग त्या स्टेशनवरच्या बायका चालतात होय?

पाटील सर (बी-६०३): त्या उद्यानातून आणत नाहीत, कसाऱ्याकडून येतात. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपज, म्हणजे फळं-डिंक-मध असलं, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलाय. आपण सगळे पिशव्या घेऊन निघालो तर बुलबुलांना काय ठेवणार? आधीच वणव्यात करवंदांच्या किती जाळ्या जळतात.

नाईक (सी-५०२): बरं बुवा. मुलांना झुडूप तरी बघू दे. त्यांना करवंद द्रोणात उगवतं असं वाटतं.

डॉ. कामत (बी-१०१): मुलांना एवढं मात्र शिकवा, ओळख नसलेलं फळ तोंडात घालायचं नाही. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातली, दोन्हींना पांढरा चीक. कण्हेर विषारी आहे. गुंजांच्या लाल-काळ्या बिया पोरं हमखास गोळा करतात, त्याही विषारीच.

मेश्राम (सी-३०२): तुम्ही सगळे करवंदातच अडकले. आमच्या चंद्रपूरकडे या दिवसांत चारं आणि टेंभरं. चारं खाऊन बी फोडली की आत चारोळी. तुमच्या श्रीखंडावर पडते तीच.

ऋचा (सी-७०१): चारोळी रानातल्या फळाची बी आहे? मला वाटायचं शेती करतात.

मेश्राम (सी-३०२): जंगलातूनच येते बहुतेक. बिया फोडायला जाम मेहनत, म्हणून महाग. आई नानकटाईवर बदामाऐवजी चारोळी दाबायची. भाजली की खमंग लागते, बदाम त्याच्यापुढे फिका.

शाह भाभी (ए-५०३): जांभळाचं कोणी सांगा. जांभळाचा केक आतून हिरवट-करडा का होतो? चव बरी असते पण मुलं हात लावत नाहीत.

पाटील सर (बी-६०३): आला माझा विषय! जांभळाच्या रंगात ॲन्थोसायनिन असतं. आंबट पदार्थात ते लालसर दिसतं, सोडा जास्त झाला की निळं-हिरवं. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस दर्शक म्हणून वापरतो ना, तोच प्रयोग तुमच्या केकमध्ये होतो. सोडा वगळा, नुसती बेकिंग पावडर घाला, दही आंबट घ्या, लिंबू पिळा.

सावंत काकू (बी-४०२): मी तर म्हणते जांभूळ पिठात घालूच नका. गर काढायचा, थोडी साखर, लिंबू, चिमूटभर मीठ घालून आटवायचा आणि साध्या केकवर ओतायचा. जांभळाचा तुरटपणा भाजल्यावर उरतो आणि गोडवा दबतो. पालघरकडची बहाडोलीची टपोरी जांभळं मिळाली तर तीही नकोत भाजायला, तशीच खायची.

देशमुख (ए-६०२): जांभळाच्या बियांची पूड घेतली की मधुमेहाच्या गोळ्या बंद होतात, असा एक फॉरवर्ड आलाय. टाकू का?

डॉ. कामत (बी-१०१): नका टाकू. आणि गोळ्या बंद तर मुळीच करू नका. जांभळं खा, पण मोजून. आणि हो, केकही.

ऋचा (सी-७०१): काकू, करवंदं उरली तर टिकतात का?

सावंत काकू (बी-४०२): टिकतात की. धुऊन पुसून कोरडी करा, ताटात सुटी पसरून फ्रीझरला ठेवा, कडक झाली की पिशवीत भरा. गणपतीपर्यंत केकला चालतात, नुसती खायला मात्र ती मजा नाही. पाऊस सुरू झाला की संपलंच, पाणी भरतं, अळ्या होतात. म्हणून वटपौर्णिमेच्या वाणाला करवंद मिळवताना दमछाक होते. माझे चार-पाच दाणे फ्रीझरमधले असतात, वडाने अजून तक्रार केलेली नाही.

शाह भाभी (ए-५०३): आणि जॅम?

सावंत काकू (बी-४०२): सोप्पा. थोड्या पाण्यात शिजवून पुरणयंत्रातून काढा, बिया वर राहतात. वाटीभर गराला पाऊण वाटी साखर. करवंदात जॅम आळवणारं पेक्टिन भरपूर असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. मूठभर अर्धकच्ची लाल करवंदं मिसळली तर आणखी लवकर आळतो. थंड बशीवर थेंब टाका, पसरला नाही की गॅस बंद.

सावंत काकू (बी-४०२): याच जॅमचा क्रंबलही होतो, घाईच्या दिवशी. दोन वाट्या मैदा, एक वाटी थंड लोणी, एक वाटी साखर, बोटांनी चोळून भरभरीत करायचं. थोडा जाड रवा घाला, कुरकुरीत होतो. खाली जॅम, वर हा चुरा, १८० वर अर्धा तास. हा गरमच खायचा. थंड झाला की नुसती गोड माती.

गोखले आजोबा (ए-२०१): क्रंबल पाठवणार असाल तर माझी हरकत मागे घेतो.

ऋचा (सी-७०१): आजोबा, मीठ लावून पाठवू ना?

सेक्रेटरी (सी-१०२): सर्वांनी लक्ष द्यावे. सी विंगच्या लिफ्टमध्ये कोणीतरी करवंदं सांडली आहेत. जांभळे डाग पडलेत. पुसून घ्यावे ही विनंती.

नाईक (सी-५०२): आमचा चिरंजीव. पाठवतो फडकं घेऊन.

पाटील सर (बी-६०३): फडक्याला आधी लिंबू लावा. सोडा नको, डाग हिरवा होईल!

देशपांडे (ए-१०४): [फोटो] आलो. शेवटचे द्रोण मिळाले, ऋचासाठीही एक घेतलाय, वॉचमनकडे ठेवतो. बाईंकडे आळू आणि तोरणं ही रानफळंही होती, ती पण आणली. यांचा केक होतो का काकू?

सावंत काकू (बी-४०२): आळवांना ओव्हन नको. चांगली तपकिरी आणि मऊ होईपर्यंत तांदळात ठेवा, कच्ची खाल्लीत तर तोंड वाकडं होईल. आणि तोरणं? ती पांढरी मण्यांसारखी दिसतायत तीच ना?

देशपांडे (ए-१०४): हो. दिसत होती. रिक्षात संपली.